आधी हवेची वाट, मग यंत्र: जुन्या वाड्याच्या दुरुस्तीत एअर स्क्रबर कसा लावायचा

२०२७ च्या सिंहस्थामुळे नाशकात तोडफोड आणि बांधकाम दोन्ही जोरात आहे. भद्रकाली, दहीपूल, सराफ बाजार, पंचवटी या भागांत जुने वाडे अजून उभे आहेत. त्यांचा गिलावा काढणं, कडीपाट बदलणं, खालच्या मजल्यावर दुकान काढणं अशी कामं लोक राहत्या घरात करतात. एका खोलीत बिगारी भिंत खरवडतोय आणि पलीकडच्या खोलीत आजी जपमाळ ओढतेय, हे इथलं नेहमीचं चित्र. अशा ठिकाणी आता काही ठेकेदार एअर स्क्रबर, म्हणजे खोलीतली धुळकट हवा ओढून गाळणारं यंत्र, आणू लागलेत. यंत्र चांगलं आहे. पण बऱ्याच साइटवर ते खोलीच्या मधोमध नुसतं घोंघावत ठेवलेलं असतं, दारं-खिडक्या सताड उघड्या असतात आणि धूळ शेजारच्या माजघरात जाऊन बसते.

म्हणून यंत्राची चौकशी करण्याआधी कागदावर खोलीचा आराखडा काढा आणि दोन बाण मारा: हवा कुठून आत येणार आणि कुठून बाहेर जाणार. हे दोन बाण ठरत नसतील तर भाड्याचे पैसे खर्च करू नका. खाली जे काही लिहिलंय ते या दोन बाणांचाच तपशील आहे.

धूळ कसली आहे ते आधी बघा

वाड्यातली धूळ एका जातीची नसते. चुन्याचा गिलावा, मातीचा भराव, माळवदाची माती, चुलीची पिढ्यान्‌पिढ्यांची काजळी, पोटमाळ्यावरची कबुतरांची आणि वटवाघळांची विष्ठा असं सगळं एकत्र खाली येतं. विष्ठेची धूळ फुफ्फुसांना विशेष वाईट. ती कोरडी झाडायची नाही, आधी हलकं पाणी फवारून भिजवायची आणि मग उचलायची.

दगडाच्या बाबतीत थोडा फरक समजून घ्या. आपल्या काळ्या पाषाणात, म्हणजे बेसाल्टमध्ये, सुटा क्वार्ट्झ, म्हणजे सिलिका, कमी असतो. ग्रॅनाइट, टाइल, नदीच्या वाळूचं काँक्रीट आणि स्वयंपाकघराच्या ओट्याचे कृत्रिम क्वार्ट्झचे दगड यांत तो भरपूर असतो. कृत्रिम दगडात तर नव्वद टक्क्यांच्या आसपास. हे कटरने कोरडं कापलं की सिलिकाची बारीक धूळ उडते आणि त्यातून होणारा सिलिकोसिस हा फुफ्फुसांचा आजार बरा होत नाही. अमेरिकेत कामगाराच्या श्वासातल्या सिलिकाची मर्यादा ८ तासांच्या सरासरीला घनमीटरमागे ५० मायक्रोग्रॅम आहे. चिमूटभर मिठाशी तुलना केली तरी हे प्रमाण नगण्य वाटेल इतकं कमी. फुफ्फुसात खोल जाणारे कण चार-पाच मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आतले असतात आणि सुटा कण साधारण ५० मायक्रॉनच्या खाली गेला की डोळ्यांना दिसतच नाही. तेव्हा ‘धूळ खाली बसली, आता काही नाही’ हे मुकादमाचं वाक्य मनावर घेऊ नका.

दारं-खिडक्यांवरचा जुना ऑइलपेंट हा वेगळा विषय. रंगातल्या शिशाची ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची, मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं, असं धरूनच चाला. तो रंग ग्राइंडरने घासायचा नाही आणि हीटगनने जाळायचाही नाही. ओला करून पात्याने खरवडायचा. मागच्या पडवीवर सिमेंटचे जुने पत्रे असतील तर त्यात ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता आहे. ते कापू नका, भोक पाडू नका, अख्खे उतरवा.

धूळ उडण्याआधीच अडवणं हे फिल्टरपेक्षा नेहमी स्वस्त पडतं. कटरला पाण्याची धार द्या, ग्राइंडरला झाकण आणि व्हॅक्यूम जोडा, गिलावा पाडण्याआधी फवारा मारा. फक्त मातीच्या भिंतीवर पाइप सोडू नका. आतला भराव फुगला तर दुरुस्तीचं काम बांधकामाचं होऊन बसेल.

यंत्राच्या पोटात काय असतं

पंखा आणि त्याच्या पुढे एकामागे एक फिल्टर, इतकंच. पहिला जाडसर प्री-फिल्टर मोठा कचरा अडवतो, दुसरा घड्यांचा फिल्टर मधली धूळ घेतो आणि शेवटी हेपा, म्हणजे सगळ्यात बारीक कण अडवणारा फिल्टर. खरा हेपा ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण पकडतो. ०.३ हाच आकडा का, तर तो पकडायला सगळ्यात अवघड आकार. त्याहून मोठे कण तंतूंवर आदळतात, त्याहून लहान कण सैरावैरा हलत तंतूंना चिकटतात. युरोपीय प्रतवारीत एच-१३ किंवा एच-१४ लिहिलेलं असेल तर ठीक. ‘हेपासारखा’ किंवा ‘हेपा टाइप’ असं छापलेलं असेल तर तो घरगुती वापराचा समजा.

फिल्टर उत्तम आणि कडेचं रबर फाटलेलं, असं असेल तर हवा फटीतून सरळ निघून जाते. यंत्र ताब्यात घेताना झाकण उघडून बॅटरीच्या उजेडात हेपाच्या चारी कडा बघा. सातपूर-अंबडकडच्या औषध कारखान्यांत काम करणाऱ्यांना हेपाची गळती तपासणारे लोक माहीत असतात. वारंवार काम करणाऱ्या ठेकेदाराने वर्षातून एकदा तरी ती चाचणी करून घ्यावी.

घरातला एअर प्युरिफायर या कामाला लावू नका. पुट्टी घासण्याच्या एका दिवसात त्याचा फिल्टर बसतो. काम संपून, पुसून झाल्यावर राहिलेल्या बारीक धुळीसाठी तो चालेल. खिडकीत प्लायवूड ठोकून साधा एक्झॉस्ट फॅन बसवायचा जुगाडही दिसतो. त्याने खोलीतली धूळ कमी होते हे खरं, पण ती गल्लीपलीकडच्या घरात जाते. जुन्या नाशकात गल्ली केवढी असते हे वेगळं सांगायला नको.

किती क्षमतेचं यंत्र

यंत्रावर सीएफएम लिहिलेलं असतं, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा ओढतं ते. १ सीएफएम म्हणजे तासाला सुमारे १.७ घनमीटर. तोडफोडीच्या किंवा बुरशीच्या कामात खोलीतली सगळी हवा तासाला निदान ४ वेळा, शक्यतो ६ वेळा बदलली जावी असं धरतात.

हिशोब असा. माजघर १४ बाय २० फूट, उंची ११ फूट. गुणाकार ३,०८० घनफूट. गुणिले ६, भागिले ६० म्हणजे ३०८ सीएफएम. पण यंत्रावरचा आकडा कोऱ्या फिल्टरचा आणि डक्ट, म्हणजे हवा बाहेर नेणारा पाइप, न जोडलेल्या यंत्राचा असतो. फिल्टर भरला, पाइप वळला की हवा कमी होते. पाव भाग घट धरा: ३०८ भागिले ०.७५, म्हणजे सुमारे ४१० सीएफएम. इथे ५०० चं यंत्र पुरेल.

मोठा दिवाणखाना, २५ बाय ४० बाय १२ फूट, याच हिशोबाने १,६०० सीएफएम मागतो. अशा वेळी एक मोठं धूड आणण्यापेक्षा ८०० ची दोन यंत्रं घ्या. एकाचा फिल्टर बदलताना दुसरं चालू राहतं, आणि वाड्याच्या जिन्यातून मोठं यंत्र वर नेताना काय होतं ते हमालांना विचारा.

खोली बंद करणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

प्लास्टिकचा कागद १५० ते २०० मायक्रॉनचा पारदर्शक घ्या. कृषी साहित्याच्या दुकानात तो सहज मिळतो, पण मल्चिंगचा २५-३० मायक्रॉनचा कागद उचलू नका, तो दुपारपर्यंत फाटतो. शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा कागद उलट इतका जाड की कोपऱ्यात वळत नाही.

फ्लॅटमध्ये चार भिंती आणि एक दार बंद केलं की झालं. वाड्यात तसं नसतं. कडीपाटाच्या फळ्यांमध्ये फटी असतात, देवळ्या आणि कोनाडे कधी आरपार असतात, जुन्या धुराड्याचं तोंड कुठेतरी अर्धवट बुजवलेलं असतं. वाटण्या झालेल्या वाड्यात तर भिंत एकाची आणि तुळई दोघांची. तुमच्या खोलीत हवेचा दाब कमी झाला की चुलतभावाच्या पोटमाळ्यावरची काजळी तुमच्याकडे खेचली जाईल, आणि यंत्र बंद पडलं की तुमची धूळ त्याच्या ताटात. म्हणून छतही खालून कागदाने झाका आणि काम सुरू होण्याआधी शेजारच्या बिऱ्हाडाला सांगून ठेवा.

चिकटपट्टी थेट जुन्या गिलाव्याला लावली तर काढताना पोपड्यासकट निघते, आणि नक्षीच्या सागवानी खांबाला पिना मारणं तर गुन्हाच. त्यापेक्षा जमीन आणि छत यांच्यामध्ये बांबू किंवा लाकडी पट्ट्या पाचरीने घट्ट बसवा, दोन्ही टोकांना फोम लावा आणि कागद त्या चौकटीला ठोका. मूळ लाकडाला हात लागत नाही.

दाराशी दोन पडदे हवेत, मध्ये माणूस उभा राहील इतकी जागा ठेवून. वाड्याला देवडी असते, तशी कामाच्या खोलीलाही हवी. आत येणारा पहिला पडदा सोडल्याशिवाय दुसरा उचलणार नाही, बाहेर जाणारा तिथेच कपडे झटकणार नाही तर पुसणार किंवा व्हॅक्यूम करणार. हा व्हॅक्यूमही हेपाचा हवा. साध्या पिशवीचा व्हॅक्यूम समोरून धूळ घेतो आणि मागून बारीक कण सोडतो.

यंत्र बसवणं आणि हवा बाहेर सोडणं

यंत्र दोन प्रकारे चालतं. खोलीतली हवा गाळून परत खोलीतच सोडायची, हा एक. हवा गाळून डक्टमधून बाहेर टाकायची म्हणजे खोलीत दाब कमी राहतो आणि फटींतून हवा आतच येते, हा दुसरा. माणसं राहत असलेल्या घरात तोडफोड, शिशाचा रंग किंवा बुरशी असेल तेव्हा दुसराच प्रकार वापरा.

यंत्र देवडीच्या समोरच्या टोकाला ठेवा. त्यामुळे स्वच्छ हवा दाराकडून येते, पूर्ण खोली ओलांडते आणि यंत्रात जाते. कारागिराने दाराकडे पाठ करून काम करायचं, म्हणजे धूळ त्याच्या तोंडावरून न जाता पुढे निघून जाते. आत येणाऱ्या हवेसाठी एक ठरवलेली जागा ठेवा, तिला वरून लोंबता कागद लावा, म्हणजे यंत्र थांबलं की तो आपोआप पडतो. खोली अतिच गच्च केली तर यंत्राचा दम कोंडतो आणि कागद चिकटपट्टीतून सुटतो.

डक्ट शक्य तितका सरळ ठेवा, २०-२५ फुटांच्या आत, आणि यंत्राच्या तोंडापेक्षा बारीक पाइप लावू नका. बाहेर सोडताना चौकात सोडण्याचा मोह होतो, कारण खिडकी तिथेच उघडते. तसं करू नका. चारी बाजूंनी बंद चौकात ती हवा फिरत राहते आणि सगळ्यांच्या स्वयंपाकघरात शिरते. डक्ट जिन्यातून किंवा गवाक्षातून वर घेऊन छपराच्या वर सोडा, शेजाऱ्याच्या खिडकीपासून आणि कूलरपासून लांब.

वीज नेमकी कुठून घेताय ते बघा. अमेरिकेतून आलेली जुनी यंत्रं ११५ व्होल्टची असतात, आपल्या २३० व्होल्टवर ती सरळ जळतात. वाड्यातल्या जुन्या वायरिंगवर भार टाकू नका, मुख्य बोर्डावरून वेगळी लाइन घ्या आणि तिला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, लावा, कारण खाली फवाऱ्याचं पाणी असतंच. महावितरणचं शटडाऊन असेल त्या दिवशी तोडफोड ठेवू नका. अचानक वीज गेली तर काम थांबवा आणि पडदे सोडा. जनरेटर लावायचाच तर रस्त्यावर, इमारतीच्या आत कधीही नाही.

आणि एक जीवघेणी गोष्ट. न्हाणीघरात गॅसगिझर असेल तर काम चालू असताना तो बंद ठेवा. खोलीतला दाब कमी झाला की गिझरचा धूर बाहेर जायच्या ऐवजी घरात ओढला जाऊ शकतो, आणि त्यातला कार्बन मोनॉक्साइड हेपाही अडवत नाही, कार्बन फिल्टरही अडवत नाही.

उदबत्ती लावून बघा

सगळं लावून झालं की यंत्र चालू करा आणि आधी कागदाकडे बघा. तो आतल्या बाजूला फुगला पाहिजे. मग पेटती उदबत्ती कागदापासून दूर धरत पडद्याच्या कडेने, कडीपाटाच्या फटींजवळून, दाराच्या उंबऱ्याशी फिरवा. धूर सगळीकडे आत जायला हवा. एखाद्या जागी तो बाहेर वळला तर तिथे गळती आहे. फरकाचा दाब मोजणारा मीटर मिळाला तर बाहेरच्या तुलनेत आत ५ पास्कल कमी दिसला पाहिजे. ही चाचणी रोज सकाळी करा, फक्त पहिल्या दिवशी नाही.

एन-९५ किंवा त्याहून वरचा मास्क यंत्र चालू असतानाही लागतोच. कटरच्या तोंडाशी उडालेली धूळ यंत्रापर्यंत पोचण्याआधी नाकापर्यंत पोचते. गमछा म्हणजे मास्क नाही, आणि दाढी असलेल्याच्या चेहऱ्यावर मास्क नीट बसत नाही, हेही सांगावं लागतं.

फिल्टर

चुन्याचा गिलावा पाडताना प्री-फिल्टर दिवसातून दोनदा बदलावा लागला तर आश्चर्य वाटू देऊ नका. तो स्वस्त असतो. त्यात कंजूषी केली की धूळ हेपावर जाते, आणि हेपा महाग. बदलताना यंत्र बंद करून प्लग काढा, मास्क घाला, फिल्टरवर हलका फवारा मारा, घडी करून पिशवीत बंद करा. हे सगळं बंद खोलीच्या आतच.

हेपा धुवायचा नाही. आणि कॉम्प्रेसरची हवा मारून ‘साफ’ करायचा नाही. आपल्याकडे बाइकच्या फिल्टरपासून सगळ्याला हवा मारायची सवय आहे, पण हेपाचे तंतू त्या झोताने फाटतात आणि अडकलेली सगळी धूळ मारणाऱ्याच्याच छातीत जाते. बदललेला नवा प्री-फिल्टर असूनही ओढ कमी वाटत असेल तर हेपा संपला आहे.

पुराचं आणि पावसाचं काम

गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठवर पाणी आलं यावरून नाशिककर पूर मोजतात. ऑगस्ट २०१९ मध्ये मारुती बुडाला तेव्हा सराफ बाजार आणि भांडी बाजारातल्या तळमजल्यांत गाळ शिरला होता. हा गाळ सांडपाण्याचा असतो. तो ओला असतानाच बाहेर काढा. वाळू दिलात की त्याचीच धूळ होते.

भिजलेल्या लाकडा-भिंतीवर २४ ते ४८ तासांत बुरशी धरू लागते. आणि इथे बहुतेक जण क्रम चुकवतात: बुरशी दिसत असताना मोठे पंखे लावतात. त्याने बीजाणू घरभर उडतात. आधी खोली बंद करा, यंत्र बाहेर हवा टाकत चालवा, बुरशी लागलेला सामान-गिलावा काढा, हेपा व्हॅक्यूम फिरवा, ओल्या फडक्याने पुसा. पंखे त्यानंतर.

पुढची अडचण पावसाळ्याची. ५०० सीएफएमचं यंत्र तासाला ८५० घनमीटर हवा बाहेर टाकतं, म्हणजे तितकीच बाहेरची दमट हवा आत येते. २६ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असलेल्या श्रावणातल्या हवेत घनमीटरमागे सुमारे २० ग्रॅम पाणी असतं. आत २८ अंशाला ५५ टक्के आर्द्रता ठेवायची तर त्यातलं तासाला चार-पाच लिटर काढावं लागेल, दिवसाला शंभरावर लिटर. साध्या डीह्युमिडिफायरचं ते काम नाही. त्यामुळे सफाई संपताच डक्ट काढा, यंत्र खोलीतच हवा फिरवणाऱ्या प्रकारावर घ्या, खोली बंद ठेवा आणि मग डीह्युमिडिफायर लावा. लाकूड वाळलं का हे हाताने नाही, ओल मोजणाऱ्या मीटरने बघा आणि त्याच वाड्यातल्या न भिजलेल्या तुळईशी ताडून बघा. हेच काम दिवाळीनंतर असेल तर यातलं बरंच काही लागत नाही. नाशिकची कोरडी थंड हवा फुकट वाळवून देते.

एक अपवाद लक्षात ठेवा. नवीन चुन्याचा गिलावा केला असेल तर त्याच्यावर झोत येऊ देऊ नका. चुना सावकाश, ओलसर राहून पक्का होतो. जबरदस्तीने वाळवला की तडे जातात आणि भुकटी होते. त्या खोलीत यंत्र बंद.

वासासाठी कुणी ओझोनचं यंत्र सुचवलं तर नको म्हणा. ओझोन स्वतःच फुफ्फुसांना त्रास देतो, आणि बुरशी मुळापासून काढायचं काम तसंच राहतं. रंगाचा, पॉलिशचा वास कार्बन फिल्टर काही प्रमाणात घेतो, पण तो भरला की थांबतो.

काम संपल्यावर

लगेच कागद फाडू नका. वरून खाली असं सगळं पुसा, तुळईची वरची बाजू आणि देवळ्यांचे कोपरे धरून. मग यंत्र आणखी २४ तास चालू ठेवा, पुन्हा पुसा. बॅटरी भिंतीला चिकटवून तिरपी धरली की उरलेली धूळ दिसते. कण मोजणारा छोटा मीटर असेल तर आतला आकडा बाहेरच्या गल्लीतल्या आकड्याशी ताडा, कारण आपल्या मानकाप्रमाणे पीएम २.५ ची, म्हणजे अडीच मायक्रॉनच्या आतल्या धुळीची, २४ तासांची मर्यादा घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम असली तरी हिवाळ्यात बाहेरच ती ओलांडलेली असू शकते. आत बाहेरपेक्षा कमी असलं पाहिजे.

कागद आतल्या बाजूला गुंडाळत काढा, यंत्र सगळ्यात शेवटी बंद करा. मग त्याच्या तोंडाला प्लास्टिक लावून चिकटपट्टीने सील करा आणि टेम्पोत चढवा. तसं केलं नाही तर पंचवटीतल्या वाड्याची काजळी गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये पहिल्याच दिवशी उतरते.